प्रयोगशाळेतली नोकरी, तीही गोव्यात : बारावी विज्ञानापासून पहिल्या पगारापर्यंत

बारावी विज्ञानाचा निकाल लागला की आपल्या घरांतली चर्चा डॉक्टर, नर्सिंग, फार्मसी आणि इंजिनिअरिंग या चार नावांभोवती फिरते. नीटला गुण कमी पडले तर कुणीतरी म्हणतं, ‘मग बीएस्सीला घाला.’ बीएस्सीनंतर काय, हे सांगणारं माणूस मात्र घरात नसतं, शेजारीही नसतं. मी डिचोलीतून याच वाटेने आले. सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घेतली, औषध कंपनीच्या तपासणी विभागात काम केलं आणि आता नव्याने येणाऱ्या मुलामुलींना लॅबचं काम शिकवते. दर वर्षी तेच प्रश्न कानावर येतात आणि सहज टाळता आल्या असत्या अशा अडचणींत मुलं अडकलेली दिसतात. म्हणून हे सगळं एका जागी लिहून काढलं.

गोवा लहान असला तरी या क्षेत्रात काम शोधायला राज्याबाहेर जावंच लागतं असं नाही. वेर्णा, कुंडई, पिळर्ण, कोलवाळ इथल्या औद्योगिक वसाहतींत औषध कंपन्या आहेत. रोगनिदानाची किट आणि रसायनं बनवणारी ट्युलिपसारखी कंपनी इथेच वाढली. क्षयरोगाच्या तपासणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मान्य केलेलं ट्रूनॅट हे यंत्र ज्या मोलबायो कंपनीचं, तीही वेर्ण्याची. १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावलाला आहे. जुने गोव्यात एला इथे किनारी शेतीवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे, ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ, झुआरीनगरला बिट्स ही तंत्रशिक्षण संस्था, बांबोळीला गोमेकॉ म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालय. या प्रत्येक ठिकाणी नमुने हाताळणारी, जिवाणू वाढवायची माध्यमं बनवणारी, यंत्रं चालवणारी आणि नोंदी ठेवणारी माणसं लागतात.

मुलाखतीचं बोलावणं गुणांवर येतं. त्यानंतर सगळं दोन गोष्टींवर ठरतं : तुमचा हात किती नेमका चालतो आणि केलेलं काम कागदावर किती खरेपणाने उतरतं. कॉलेजात नेमकं याच दोन गोष्टींकडे सर्वांत कमी लक्ष जातं, म्हणून त्यांच्यावर मी इथे जास्त थांबणार आहे.

१. आधी वाट ठरवा

प्रयोगशाळा म्हटलं की सगळ्या सारख्याच, असा समज असतो. भरतीच्या दृष्टीने त्यांच्या दोन वेगळ्या जाती आहेत.

पहिली, रुग्णांचं रक्त, लघवी, थुंकी तपासणारी लॅब. तिथे डीएमएलटी किंवा बीएस्सी एमएलटी, म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानातली पदविका किंवा पदवी लागते. या व्यवसायांसाठी २०२१ मध्ये केंद्राने स्वतंत्र कायदा केला आहे आणि सरकारी इस्पितळांच्या जाहिरातींत हीच पात्रता मागतात. दुसरी, उद्योगातली आणि संशोधनातली लॅब : औषधांची तपासणी, किट बनवणं, पाणी आणि अन्नाची तपासणी, विद्यापीठातले प्रकल्प. तिथे सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, जीवरसायनशास्त्र यांतली बीएस्सी किंवा एमएस्सी चालते.

सर्वांत मोठा सापळा इथेच आहे. सूक्ष्मजीवशास्त्रात पहिल्या वर्गात बीएस्सी झालेली मुलगी इस्पितळातल्या तंत्रज्ञाच्या जागेसाठी अर्ज करते आणि छाननीतच अर्ज बाजूला पडतो, कारण जाहिरातीत एमएलटी लिहिलेलं असतं. तिला विषय कमी येतो असं मुळीच नाही, पण पात्रता शब्दशः पाहिली जाते. तेव्हा प्रवेश घेण्याआधीच तुम्हाला हव्या असलेल्या नोकरीच्या दोन-तीन जुन्या जाहिराती मिळवा आणि ‘आवश्यक पात्रता’ हा परिच्छेद पेन्सिलने खुणा करत वाचा.

‘सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन’ अशा पाट्या लावणाऱ्या खासगी क्लासांपासून सावध राहा. हा अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाचा किंवा मंडळाचा, प्रमाणपत्रावर सही कुणाची, प्रत्यक्ष काम कोणत्या इस्पितळात, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी मागा. लेखी द्यायला टाळाटाळ झाली तर पैसे भरू नका.

२. कॉलेज निवडताना लॅब पाहून या

म्हापशाचं सेंट झेवियर्स, मिरामारचं धेंपे, मडगावचं चौगुले, फर्मागुडीचं पीईएस, साखळीचं सरकारी महाविद्यालय अशी विज्ञान शिकवणारी कॉलेजं गोव्यात सगळीकडे आहेत. कोणत्या वर्षी कोणता विषय मुख्य म्हणून मिळतो ते त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहा. इमारत आणि कॅन्टीन पाहून निर्णय घेऊ नका. प्रवेशाच्या दिवसांत शिक्षकांना विनंती केली तर ते लॅब दाखवतात.

तिथे गेल्यावर एवढंच पाहा : एका टेबलावर किती मुलं, मायक्रोपिपेट (अगदी थोडा द्रव नेमका मोजायचं साधन) प्रत्येकाच्या हाती येतं की एकजण करतो आणि बाकीचे बघतात, ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) मुलं स्वतः लावतात की लॅब अटेंडंट. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थिनीला बाजूला घेऊन विचारा, ‘तुम्ही स्वतः माध्यम बनवलंय का?’ तिच्या उत्तरातून तुम्हाला जे कळेल ते कुठल्याही पुस्तिकेत छापलेलं नसतं.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी आता चार वर्षांपर्यंत नेता येते. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेरही पडता येतं. संशोधनात जायचं असेल तर चौथं वर्ष घ्यावं. थेट उद्योगात जायचं असेल तर तीन वर्षांनी पदवी घेऊन कामाला लागणं मला तरी जास्त पटतं. पैशांची अडचण असेल तर गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची चौकशी जरूर करा.

३. हात पहिल्या वर्षापासून तयार करा

स्वतःचं सामान आधी घ्या. पूर्ण बाह्यांचा सुती लॅब कोट, पुढून बंद असलेले बूट, संरक्षक चष्मा, बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर, साधा कॅल्क्युलेटर, छोटा टायमर आणि बांधीव वही. मोबाइलचा कॅल्क्युलेटर आणि मोबाइलचा टायमर ही सवय लागूच देऊ नका. बहुतेक कंपन्यांत लॅबमध्ये मोबाइल नेता येत नाही, आणि हातमोज्यांनी हाताळलेला फोन नंतर गालाला लागतो.

*मायक्रोपिपेट.* मुलाखतीत कुणी पिपेट हातात दिला की अर्ध्या मिनिटात कळतं की समोरच्याने काम केलंय की पाहिलंय. बटण दाबताना दोन जागी अडतं, ते त्याचे दोन थांबे. पहिल्या थांब्यापर्यंत दाबा, मगच टोक द्रवात बुडवा, तेही काही मिलिमीटरच. बटण हळू सोडा, क्षणभर थांबा, मग बाहेर काढा. सोडताना टोक भांड्याच्या भिंतीला टेकवा आणि दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबा. पिपेट उभा धरा. टोकात द्रव असताना तो कधीही आडवा ठेवू नका, द्रव आत शिरतो आणि पिपेट बिघडतो. १००० मायक्रोलिटरच्या पिपेटने ५० मायक्रोलिटर घेऊ नका, त्यासाठी लहान पिपेट आहे. ग्लिसरॉलसारखं दाट काही असेल तर उलटी पद्धत वापरा : घेताना दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबा, सोडताना पहिल्यापर्यंतच.

सराव करायला साधं पाणी पुरतं. चार दशांश दाखवणाऱ्या तराजूवर छोटं भांडं ठेवा, शून्य करा आणि १०० मायक्रोलिटर ऊर्ध्वपातित पाणी पुन्हा पुन्हा टाकत प्रत्येक वेळचं वजन लिहा. आपल्याकडच्या उकाड्यात, ३० अंशांच्या आसपास, ते ०.०९९६ ग्रॅमच्या जवळ यायला हवं. प्रत्येक आकडा वेगळा आणि वर-खाली येत असेल तर हात अजून तयार नाही. सगळे आकडे एकमेकांच्या जवळ पण सतत कमी येत असतील तर पिपेटच तपासायला द्या. हा फरक ओळखता येणं ही फार मोठी गोष्ट आहे, कारण त्यातूनच आपली चूक आणि यंत्राची चूक वेगळी करायची सवय लागते.

*वजन करणं.* गोव्यात पावसाळ्यातली दमट हवा हा लॅबचा कायमचा प्रश्न आहे. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या झाकण उघडल्यावर बघता बघता ओलसर होतात. म्हणजे तुम्ही वजनात हवेतलं पाणीही मोजत असता. म्हणून त्याचं द्रावण नुसतं वजनावर विसंबून वापरत नाहीत, प्रमाणित आम्लाशी ताडून त्याची तीव्रता ठरवतात. माध्यम घट्ट करणाऱ्या आगरची पूड गोळा होते, सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवर बुरशी धरते. बाटली उघडी ठेवून गप्पा मारू नका, काम झाल्यावर भिंगं पुसा, सिलिका जेलचा निळा रंग गुलाबी झालाय का बघत जा. अशा बारीक गोष्टींकडे स्वतःहून लक्ष देणारी मुलगी वरिष्ठांच्या नजरेत भरते.

*निर्जंतुक काम.* ऑटोक्लेव्हचं १२१ अंश, १५ पौंड दाब, १५ मिनिटं हे सगळ्यांना पाठ असतं. विचारतात ते पुढचं. वेळ कधीपासून मोजायची? तापमान १२१ ला पोचल्यापासून. आतली हवा आधी का घालवायची? हवा अडकली तर दाब दिसतो, पण तापमान तेवढं चढत नाही. बाटल्यांची झाकणं किंचित सैल का? घट्ट असली तर बाटली फुटू शकते. ऑटोक्लेव्हच्या टेपवर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे सामान निर्जंतुक झालं का? नाही, ते उष्णतेतून गेलं एवढंच टेप सांगते. खरी खात्री जिओबॅसिलस स्टीअरोथर्मोफिलसच्या बीजाणूंनी करतात, कारण ते उष्णतेला फार चिवट असतात.

पृष्ठभाग पुसायला ७० टक्के अल्कोहोलच का, ९५ टक्के का नाही, हाही नेहमीचा प्रश्न. प्रथिनं बिघडवायला थोडं पाणी लागतं, आणि पाणी असलं की अल्कोहोल लगेच उडूनही जात नाही.

ग्रॅम रंजन, म्हणजे जिवाणू रंगवून ग्रॅम पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते ओळखणं, मात्र रोजच्या रोज केल्याशिवाय येत नाही. १८८४ मध्ये हान्स ख्रिश्चन ग्राम यांनी दिलेली ही पद्धत आजही तशीच चालते आणि आजही रंग धुण्याच्या पायरीवर, काही सेकंद जास्त-कमी झाल्यावर फसते. आपला नमुना रंगवताना शेजारी माहीत असलेला एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह जिवाणू ठेवा. ते दोन्ही बरोबर दिसले तरच तिसऱ्यावर विश्वास ठेवा.

४. आकडेमोड कागदावर, रोज

पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त मुलं अडखळतात ती इथे. सूत्र पाठ असतं, पण समोर बाटली ठेवली की सुचत नाही. ही तीन गणितं न बघता सुटली पाहिजेत.

९५ टक्के अल्कोहोलपासून ५०० मि.लि. ७० टक्के करायचं : ५०० गुणिले ७० भागिले ९५, म्हणजे ३६८.४ मि.लि. अल्कोहोल घ्या आणि पाण्याने ५०० पर्यंत आणा.

अर्धा मोलर मिठाचं २५० मि.लि. द्रावण : ५८.४४ गुणिले ०.५ गुणिले ०.२५, म्हणजे ७.३०५ ग्रॅम. इथला सापळा असा की मुलं २५० मि.लि. पाणी मोजून त्यात मीठ घालतात. आधी कमी पाण्यात विरघळवा, मग खुणेपर्यंत भरा.

वसाहतींची मोजणी : नमुना दहा-दहा पटींनी पाच वेळा पातळ केला, शेवटच्या नळीतला ०.१ मि.लि. माध्यमाच्या प्लेटवर पसरला आणि ६२ वसाहती, म्हणजे वाढलेल्या जिवाणूंचे डोळ्यांना दिसणारे ठिपके, आल्या. मूळ नमुन्यात दर मि.लि. किती? ६२ भागिले ०.१ म्हणजे ६२०, गुणिले एक लाख, म्हणजे ६ कोटी २० लाख. ते ०.१ ने भागायचं जवळजवळ प्रत्येक नवखा विसरतो आणि उत्तर दहापट कमी येतं. मोजायला साधारण ३० ते ३०० वसाहतींची प्लेट निवडतात, त्याखालची आणि वरची भरवशाची नसते.

५. नोंदवही : जिच्यावर नोकरी टिकते

कॉलेजातलं जर्नल आपण कसं लिहितो? प्रयोग आधी कच्च्या वहीत, मग घरी सुवाच्य अक्षरात, आणि निकाल थोडा ‘नीट’ करून. ही सवय उद्योगात घेऊन गेलात तर ती तुमची नोकरी घालवेल. कठोर वाटेल, पण मी हे पूर्ण विचार करून लिहिते आहे.

औषध कंपनीत ज्या क्षणी काम केलं त्याच क्षणी, शाईने, मूळ कागदावर नोंद होते. कच्च्या चिठोऱ्यावर लिहून नंतर उतरवणं हा दोष मानला जातो. हाताच्या मोज्यावर आकडा लिहिणं हाही. चूक झाली तर एकच आडवी रेघ, मूळ आकडा वाचता येईल अशी, शेजारी बरोबर आकडा, कारण, सही आणि तारीख. व्हाइटनर नाही, गिरवणं नाही, पान फाडणं तर नाहीच. दुसऱ्याच्या नावाने सही करायची नाही आणि संगणकावर दुसऱ्याच्या पासवर्डने काम करायचं नाही, मैत्रीण सुट्टीवर असली तरीही.

या नियमांना ‘अल्कोआ’ म्हणतात. त्यामागचे पाच प्रश्न लक्षात ठेवा : कुणी केलं ते कळतं का, वाचता येतं का, त्याच वेळी लिहिलंय का, हे मूळच आहे का, अचूक आहे का. देशी-परदेशी तपासनीस येतात तेव्हा ते यंत्रांआधी वह्या मागतात.

आणि सर्वांत अवघड प्रसंग. निकाल मर्यादेबाहेर आला. उदाहरणार्थ, शुद्ध पाण्याच्या नमुन्यात दर मि.लि. १०० वसाहतींची मर्यादा, आणि प्लेटवर त्याहून जास्त. नव्या मुलाच्या मनात पहिला विचार येतो, आपल्याकडूनच काहीतरी झालं असेल, गुपचूप पुन्हा करून बघू. असं करू नका. प्लेट फेकू नका, नळी धुऊ नका, वरिष्ठांना लगेच सांगा आणि जे दिसतंय ते लिहा. चौकशीत तुमची चूक निघाली तरी त्याला उपाय आहे, पुन्हा प्रशिक्षण मिळतं. लपवलेल्या निकालाला उपाय नाही. ते पाणी ज्या औषधात जातं ते औषध कुणाच्या तरी पोटात जाणार असतं.

लेबलांचंही तेच. २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाली गावात माकडतापाचे रुग्ण सापडले. गोचिडींमधून पसरणारा हा ताप, काजूच्या बागांत आणि रानात कष्ट करणाऱ्यांना गाठणारा. अशा रुग्णाच्या रक्ताची नळी थंड राखून पुढच्या लॅबला जाते, आणि तिच्यावरचं नाव, तारीख, वेळ चुकली तर पुढची सगळी महागडी यंत्रं निरुपयोगी. कॉलेजात असल्यापासून प्रत्येक नळीवर आणि प्लेटवर नमुना, तारीख, स्वतःची आद्याक्षरं लिहा. प्लेटच्या झाकणावर लिहू नका, तळावर लिहा, कारण झाकणं अदलाबदल होतात.

६. जीव सांभाळून

लॅमिनार एअर फ्लो आणि बायोसेफ्टी कॅबिनेट ही गाळलेल्या हवेत काम करायची दोन कपाटं बाहेरून सारखी दिसतात. लॅमिनार तुमचा नमुना सांभाळते, तुम्हाला नाही. आडव्या झोताच्या प्रकारात तर गाळलेली हवा नमुन्यावरून थेट तुमच्या तोंडाकडे येते. रोगजंतूंचं काम तिथे करायचं नसतं, त्यासाठी दुसऱ्या वर्गाची बायोसेफ्टी कॅबिनेट. कुणी घाईत लॅमिनारखाली रुग्णाचा नमुना उघडायला सांगितलं तर नम्रपणे नकार द्या. नवखे असलात तरी तो अधिकार तुमचा आहे.

हिपॅटायटिस-बीच्या लसीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी घेतात. म्हणजे इंटर्नशिपच्या किमान सहा महिने आधी सुरुवात करायला हवी. रुग्णांचे नमुने हाताळणार असाल तर हे पुढे ढकलू नका.

कचऱ्याचे रंग २०१६ च्या नियमांनुसार : पिवळ्यात रक्ताने माखलेलं आणि आधी निर्जंतुक केलेलं कल्चर, लाल पिशवीत दूषित प्लॅस्टिक, सहज भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात सुया आणि पाती, निळ्यात काच. सुईला टोपण परत लावायचं नाही. डीएनए पाहायच्या जेलसाठी इथिडियम ब्रोमाइड वापरत असतील तर ते जनुकांत बदल घडवणारं रसायन आहे, त्याची जागा, मोजे आणि कचरा वेगळा ठेवा.

७. इंटर्नशिप आणि प्रकल्प

शेवटच्या सत्रात धावपळ करण्यापेक्षा एक वर्ष आधी विचारायला लागा. समुद्रविज्ञान संस्था, विद्यापीठाचे विभाग, एलाची कृषी संशोधन संस्था इथले शास्त्रज्ञ विद्यार्थी घेतात, पण सगळ्यांना एकच मजकूर पाठवणाऱ्या ईमेलला सहसा उत्तर येत नाही. ज्यांना लिहिताय त्यांचं काम संस्थेच्या संकेतस्थळावर वाचा, त्यातलं काय शिकायचंय ते दोन वाक्यांत लिहा, कोणत्या तारखांना वेळ आहे ते सांगा, कॉलेजचं पत्र जोडा. आठवडाभर उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा.

प्रकल्पाचा विषय शोधायला पुस्तकांतून फिरायची गरज नाही. रायबंदरच्या मिठागरांतले मीठ सोसणारे जिवाणू, मांडवीकाठच्या खारफुटीतली माती, खाजन शेतांचं पाणी, हुर्राकासाठी आंबवलेल्या काजूच्या रसातलं यीस्ट, गावच्या झरीचं पाणी. आपल्या गोव्यात सूक्ष्मजीवशास्त्राला पुरून उरेल इतकं आहे. विषय लहान घ्या आणि प्रत्येक चाचणी नियंत्रण नमुन्यासह पुन्हा पुन्हा करा. ‘दहा नमुने, प्रत्येकी एकदा’ यापेक्षा ‘तीन नमुने, प्रत्येकी तीनदा’ असं काम मुलाखतीत जास्त भरवशाचं ठरतं.

पैसे घेऊन दोन दिवसांत ‘पीसीआर तज्ज्ञ’ (पीसीआर म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवायचं तंत्र) असं प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यशाळा असतात. तिथे यंत्र एक आणि बघणारे चाळीस असतील तर तो खर्च वाचवा. पदवीनंतर केंद्राच्या राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेच्या संकेतस्थळावर नाव नोंदवा. तिथून विद्यावेतनासह कंपनीत शिकता येतं.

८. कागदपत्रांची फाइल

ही फाइल तिसऱ्या वर्षातच तयार हवी :

- दहावी, बारावी आणि पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र किंवा तात्पुरतं प्रमाणपत्र
- जन्मदाखला, आधार, पॅन, पासपोर्ट आकाराचे फोटो
- सरकारी नोकरीसाठी मामलेदार कार्यालयातून मिळणारा १५ वर्षांच्या निवासाचा दाखला आणि रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड
- लागू असेल तर जातीचा दाखला
- इंटर्नशिपची पत्रं, ज्यात ‘काम केलं’ एवढंच न लिहिता कोणत्या चाचण्या स्वतः केल्या ते लिहिलेलं असेल
- लसीकरणाची नोंद
- गोव्याबाहेर शिकायला जायचं असेल तर विद्यापीठाचं स्थलांतर प्रमाणपत्र

आपल्याकडचा एक खास घोटाळा म्हणजे नावाचं स्पेलिंग. गावकर, नाईक ही आडनावं रोमी लिपीत जन्मदाखल्यावर एका तऱ्हेने, शाळेत दुसऱ्या तऱ्हेने, आधारवर तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेली सापडतात, विशेषतः घरातल्या जुन्या दाखल्यांवर पोर्तुगीज धाटणीचं स्पेलिंग असलं की. नियुक्तीपत्र हातात आल्यावर हे दुरुस्त करायला धावू नका, आत्ताच सगळे कागद शेजारी ठेवून ताडून बघा.

सरकारी जाहिरातींत कोकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं इष्ट असं लिहिलेलं असतं. मराठी माध्यमातून शिकलेल्या, घरी कोकणी बोलणाऱ्या मुलांना ही जमेची बाजू आहे. अर्जात ती भरायला विसरू नका.

९. मुलाखत आणि पहिले सहा महिने

जे केलंय तेवढंच बायोडेटात लिहा. ‘एचपीएलसी’ (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) लिहिलंत तर स्तंभ कोणता, प्रवाही द्रव कोणता, हे विचारणारच. यंत्र फक्त पाहिलं असेल तर ‘प्रात्यक्षिक पाहिलं’ असं लिहा, त्यात कमीपणा नाही. विचारले जाणारे इतर प्रश्न : प्लेट उलटी का ठेवतात (झाकणावर जमलेलं पाणी वसाहतींवर पडू नये म्हणून), निर्जंतुकता चाचणी किती दिवस ठेवतात (१४), एन्डोटॉक्सिन हे जिवाणूंचं विष तपासायला लागणारं द्रव्य कोणत्या प्राण्याच्या रक्तातून येतं (हॉर्सशू खेकडा), निर्जंतुक करणं आणि जंतुनाशकाने पुसणं यांत फरक काय.

उत्तर येत नसेल तर तसं सांगा. इंग्रजी अडखळत असेल तरी घाबरू नका, पण एसओपी, म्हणजे कामाच्या ठरलेल्या लेखी पद्धती, इंग्रजीतच असतात आणि त्या वाचून, समजून सही करायची असते. न समजलेल्या कागदावर सही करू नका. शेजारच्या ताईला, दादाला विचारा, आपल्याकडे लॅबमध्ये अशी नाती पटकन जुळतात.

सुरुवातीचे महिने बहुतेक माध्यमं बनवण्यात, प्लेटा ओतण्यात, हवेचे आणि पाण्याचे नमुने घेण्यात जातील. कंटाळवाणं वाटेल, पण हात तिथेच पक्का होतो. स्वच्छ कक्षात दागिने, बांगड्या, टिकली, नेलपॉलिश, अत्तर चालत नाही, घरच्यांना हे आधीच समजावून ठेवा. काम शिफ्टमध्ये असतं आणि सणही बघितला जात नाही. इन्क्युबेटरमधल्या प्लेटा ठरलेल्या वेळीच मोजाव्या लागतात, चवथीच्या दिवसांतही. कामावर रुजू होण्याआधी कंपनीची बस तुमच्या बाजूने कुठून सुटते, रात्रपाळीनंतर घरी कशी पोचवतात, हे विचारून घ्या. पेडणे किंवा वाळपईहून वेर्णा रोज करणं अंगावर येतं; मुली दोघी-तिघी मिळून जवळपास खोली घेतात, तो विचार पहिल्या महिन्यातच करा.

प्रत्येक प्रशिक्षणाची नोंद आणि तुम्ही स्वतंत्रपणे करू शकता अशा चाचण्यांची यादी स्वतःकडे ठेवा. औषधांच्या तपासणीची जबाबदारी घेणाऱ्यांना पुढे अन्न व औषध प्रशासनाची मान्यता लागते, आणि तेव्हा अनुभवाचं पत्र जितकं नेमकं तितकं बरं.

१०. एमएस्सी कधी?

संशोधन किंवा अध्यापन करायचं असेल तर लगेच. उद्योगातच राहायचं असेल तर वर्ष-दोन वर्षं काम करून मग ठरवलेलं चांगलं, कारण तोवर कोणता विषय आपला हे कळलेलं असतं. गोवा विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, सागरी जैवतंत्रज्ञान हे मार्ग आहेत. बाहेरच्या संस्थांसाठी जॅमचा जैवतंत्रज्ञानाचा पेपर आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची जीएटी-बी या परीक्षा. जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात भरायचे असतात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते, म्हणजे चतुर्थीच्या आसपासच अर्जाची तारीख पाहून ठेवायला हवी.